लाइनमनची पक्कड, चुलीची सांडशी

मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर नाक मुरडाल. माझ्या अंगाला तळलेल्या मासळीचा वास येतो आणि तो आता काही केल्या जाणार नाही. मी एक जुनी पक्कड आहे. तारा कापायच्या, तारा पिळायच्या, खिळे उपटायचे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. मग मासळीशी माझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे. फक्त मधेच उठून जाऊ नका. अर्ध्यावर टाकलेलं काम मला खपत नाही.

कारखान्यात लालबुंद लोखंडाचा तुकडा साच्यात दाबला आणि माझे दोन हात झाले. ते एका खिळ्याने जोडले. मग माझ्या दातांना आणि धारेला पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे आंघोळ घालणं नव्हे. हत्यार तापवतात आणि नेमक्या वेळी गार करतात, त्याने धार टणक होते. पुढे कधी ते हत्यार विस्तवात पडलं, तर दिलेलं पाणी उतरतं. धार दिसायला तशीच दिसते, पण तारेवर दाबली की मऊ लोण्यासारखी बसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिच्यावर एका माणसाचा पाय अवलंबून होता.

माझे मालक मसातू. मोठ्या सरोवराच्या काठच्या मुसोमा गावात ते टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होते. मी त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात उजवीकडे असायची. सकाळी खांबावर चढायचं, खाली सगळं सरोवर पसरलेलं, आणि वर आम्ही दोघं. माझ्या मुठीवर लाल रबर होतं, ते झिजून गेलं तेव्हा मसातूंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. दर शनिवारी माझ्या सांध्यात तेलाचा एक थेंब पडायचा. एकदा एका साहेबांनी मला उसनं नेलं आणि परत द्यायचं नाव घेईनात. तेव्हा मसातू त्यांच्या दारात जाऊन बसले आणि मला घेऊनच उठले. असा माझा थाट होता!

मसातूंची गाठ सगळ्या खात्यात प्रसिद्ध होती. जाड तार दुहेरी घ्यायची, दोन वेढे घालायचे, मग मी तिला तीन पीळ द्यायची आणि तिचं शेपूट आत दाबून टाकायची. ती गाठ हाताने सुटतच नसे. एका वादळात अख्खा खांब आडवा झाला, पण त्यावरची आमची गाठ जशीच्या तशी होती. मसातू लोकांना नेऊन नेऊन दाखवायचे. मीही पट्ट्यात ताठ बसून ऐकायची.

मग दिवस पालटले. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि खांबावरच्या तारांना कुणी विचारीना. मसातू निवृत्त झाले आणि बायकोला, न्यांगेताला, घेऊन आपल्या जन्मगावी, सरोवरातल्या लुकुबा बेटावर परतले. तिथे त्यांनी मातीच्या भिंतींचं घर बांधलं. त्यावर बावीस पत्रे घातले, नोकरीत असताना एकेक करून जमवलेले. मला मात्र पत्र्याच्या पेटीत घालून पेटी खाटेखाली सरकवली. अंधारात मी किती वर्षं पडून होते, मला सांगता येणार नाही. सांधा कुरकुरू लागला. अंगावर गंजाची पुटकुळी उठली.

मला त्या पेटीतून काढलं ते न्यांगेताने, आणि तेही कशासाठी? तिकडच्या पातेल्यांना कान नसतात. कडकडीत पातेलं चुलीवरून उतरवताना तिची बोटं भाजायची. एके दिवशी तिने पेटी उघडली, मला उचललं आणि माझ्या दातांत पातेल्याची कड धरली. झालं! लाइनमनच्या पकडीची सांडशी झाली.

मसातूंच्या अंगाचा तिळपापड झाला. ते दोन दिवस फुरंगटून बसले. मग एकदाच म्हणाले, "वापर बाई, वापर. पण तिला विस्तवाजवळ ठेवलीस तर याद राख. पाणी उतरेल तिचं."

चुलीपासून दूर, दाराच्या चौकटीत न्यांगेताने एक खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगलं. तेव्हापासून मी रोज दोन वेळा पातेली उतरवायची, उकळता चहा धरायची, मासळी तळताना कढई सावरायची. अंगावर तेल उडायचं. मला त्याची किती लाज वाटायची म्हणून सांगू! मसातू तर मला नावानेही हाक मारीनात. "तुझी सांडशी घे," असं म्हणायचे. मी खिळ्यावर मुकाट लटकून राहायची.

आता खरी गोष्ट सुरू होते.

न्यांगेताला साखरेचा आजार होता. एका पावसाळ्यात तिच्या उजव्या पायाला शिंपल्याने कापलं आणि ती जखम काही भरेना. तिची लेक तेक्ला मुसोम्याला शाळेत शिकवायची. ती आईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की रोज पट्टी बदलायला दवाखान्यात आणा, जखम दबू देऊ नका, ओली होऊ देऊ नका. बेटावर ठेवलंत तर पुढच्या महिन्यात पाय कापावा लागेल. बेटावरून रोज कसं येणार? म्हणून ठरलं की घरच हलवायचं, मुसोम्याला, तेक्लाच्या आवारात.

बेटावर परतल्यावर तेक्ला म्हणाली की आई, तू आज माझ्याबरोबर चल, सामान मागून येईल. पण न्यांगेता नवऱ्याला एकटं सोडून जायला तयार होईना. आणि नवरा पत्रे सोडून जायला तयार होईना. त्या बेटावर घर हलवायचं म्हणजे छपरासकट हलवायचं. भिंतींची माती बेटाची, ती बेटावर ठेवायची, पण पत्रे मालकाचे. पत्रे टाकून जो जातो तो पळून गेला, असं लोक म्हणतात. तेक्लाच्या आवारात एक खोली बांधायची आणि तिच्यावर हेच बावीस पत्रे घालायचे, असं मसातूंनी मनाशी पक्कं केलं होतं.

तेक्लाचा आवाज चढला. "बाबा, आईचा पाय आधी की तुमचे पत्रे आधी?"

"दोन दिवस," मसातू म्हणाले. "जावयाच्या छपराखाली मी झोपणार नाही."

मग दोन दिवस मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मसातू आढ्यावर चढले आणि मी एकेक खिळा उपटू लागले. खिळे गंजलेले, टोप्या तुटलेल्या, पण मी दात रोवले की खिळा कुरकुर करत बाहेर यायचा. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा उंचावर होते. खाली सरोवर, वर आम्ही दोघं. माझा सांधा एकदाही अडकला नाही. मसातूंच्या ते लक्षातही आलं नाही. मी मनात म्हटलं, आता तरी हा माणूस मला पुन्हा पट्ट्यात खोचील.

खाली मात्र न्यांगेता खाटेवर पाय उंच ठेवून बसली होती. डोक्यावरचं छप्पर तुकड्यातुकड्याने जात होतं आणि तिच्या पट्टीवर ऊन येत होतं. तेक्ला तासातासाला पट्टी उघडून बघायची आणि पुन्हा बंद करायची. तिचं ते सारखं बघणं मला भीती घालायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी हत्यारं चटईवर मांडली. तेक्लाने सांगितलं की पेटी होडीच्या तळाशी जाईल, वर पोती येतील, तेव्हा वाटेत लागेल असं एखादंच हत्यार अंगावर ठेवा. मसातूंनी एका हातात मला घेतलं. दुसऱ्या हातात घेतली जावयाने पाठवलेली नवी घडीवाली.

ती कशी होती सांगते. मिटली की तळहातात मावायची. उलगडली की छोटी पक्कड. एका दांड्यात चाकू, दुसऱ्यात करवत, शिवाय पेच फिरवायचं टोक, डबा उघडायचं नख, आणखी काय काय. चकचकीत, गुळगुळीत, कातडी म्यानात ऐटीत बसलेली. मी जड, माझ्या मुठीवर ट्यूबची फाटकी पट्टी, आणि अंगाला वास. मसातूंनी आम्हाला हातात तोलून पाहिलं.

मसातूंनी विचार केला तो अगदीच चुकीचा नव्हता, हे मला मान्य करायला हवं. वाटेत काय लागणार? दोरी कापायची, एखादा पेच आवळायचा, पोतं शिवायचं. त्याला घडीवाली बरी. खिळे उपटण्याचं जड काम तर झालंच होतं.

"ही चौदा कामं करते," ते म्हणाले. "आणि ही आता चुलीचीच." त्यांनी मला पेटीत टाकलं.

मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी रडले असते. दोन दिवस ज्याच्यासाठी दात झिजवले, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण पेटीचं झाकण लागायच्या आधी एक हात आत आला. न्यांगेता खाटेवरून वाकली होती. तिने मला काढून आपल्या टोपलीत टाकलं, पळी, मिठाचा डबा आणि अंगाला लावायच्या जेलीच्या शेजारी. पलीकडच्या काठावर उतरल्या उतरल्या चहा करावा लागेल, पातेलं कशाने उतरवू, असं ती पुटपुटली. मसातूंनी पेटीला तार घातली आणि जुन्या सवयीने आपली ती गाठ मारली. पीळ द्यायला पक्कड हवी होती, पण मला मागायची त्यांना लाज वाटली असावी. घडीवालीनेच त्यांनी कसेबसे पीळ दिले. पेटी बंद झाली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच होडी आली. नाखवा माफुरू, पन्नाशीचा, बोलायला फटकळ. सरोवर सकाळी निजलेलं असतं, दहाच्या पुढे वारा उठतो, तेव्हा आपण त्याच्या आत पोचायचं, असं तो कितीदा तरी म्हणाला. पण मसातूंचं बांधणं संपेना. खाट, खुर्च्या, पोती, सगळ्यांना तार. शेवटी बावीस पत्र्यांचा गठ्ठा उजव्या अंगाला आडव्या फळ्यांवर ठेवला आणि मसातूंनी आधीच कापून ठेवलेली जाड दुहेरी तार काढली. पुढच्या फळीला एक गाठ, मागच्या फळीला एक. या वेळी त्यांनी न्यांगेताकडे हात पसरला आणि मला मागून घेतलं. मी दोन्ही गाठींना तीन तीन पीळ दिले. काम होताच त्यांनी मला परत टोपलीत टाकलं.

माफुरू कमरेवर हात ठेवून बघत होता. मग तो जवळ आला.

"म्झे, हे सोडा," तो म्हणाला. वडीलधाऱ्याला तिकडे म्झे म्हणतात. "होडीत ओझं दोरीने बांधतात. एका झटक्यात सुटेल असं."

मसातू हसले. "सुटेल ती गाठ कसली? माझी गाठ वादळात सुटली नाही."

"खांब बुडत नाही, म्झे. होडी बुडते."

उन्हं वर आली होती, तेक्ला घाई करत होती, आणि पुन्हा सगळं सोडायला वेळ कुठे होता? माफुरूने मान हलवली आणि इंजिनाची दोरी ओढली. पाहा मित्रांनो, दोघंही आपापल्या धंद्यात बरोबर होते. जमिनीवर न सुटणारी गाठ माणसाला वाचवते. पाण्यावर सुटणारी गाठ वाचवते. मसातू आयुष्यभर खांबांवर राहिले, त्यांना हे कोण सांगणार? आणि त्या गाठींना पीळ मीच दिला होता, हेही मी विसरू शकत नाही.

न्यांगेता होडीच्या मधोमध गुंडाळलेल्या गादीवर बसली. दुखरा पाय तिने पोत्यावर लांब केला होता, पत्र्यांच्या बाजूलाच. तेक्लाने पट्टीवर प्लास्टिकची पिशवी चढवली, वर चप्पल घालून पट्टा आवळला. टोपली न्यांगेताच्या मांडीवर होती आणि टोपलीच्या कडेवरून मला सगळं दिसत होतं.

अर्धी वाट बरी गेली. मग पाण्याचा रंग बदलला. आधी बारीक सुरकुत्या आल्या, मग लाटा उठल्या. वारा उजवीकडून येऊ लागला आणि पत्र्यांच्या गठ्ठ्याखाली शिरला. पत्रे थरथरू लागले. प्रत्येक लाटेला होडी उजवीकडे जास्त कलायची आणि परत यायला आळस करायची. माफुरूने होडीचं तोंड लाटेकडे वळवलं. तेक्ला डब्याने पाणी उपसू लागली. टोपलीतला मिठाचा डबा माझ्यावर आपटत होता.

एक मोठी लाट आली. कडाड असा आवाज झाला. गाठ सुटली नाही, मित्रांनो. फळी सुटली. जिला मागची गाठ बांधली होती ती आडवी फळीच खिळ्यांतून उखडली आणि पत्र्यांच्या गठ्ठ्याचं मागचं टोक घसरून आत आलं. ते न्यांगेताच्या पायावर आलं. पाय गठ्ठा आणि होडीची लाकडी बरगडी यांच्यामध्ये अडकला. तोच पाय. न्यांगेता ओरडली नाही. तिने फक्त टोपली घट्ट धरली. तिची बोटं माझ्यावर होती, ती बर्फासारखी गार पडली होती.

मसातूंनी गठ्ठा उचलायला जोर लावला. तो हलेना. पुढचं टोक दुसऱ्या गाठीने फळीला जखडलेलं होतं. वर उचलता येईना, बाहेर ढकलता येईना. होडी त्या अंगाला कलली आणि काठावरून पाणी आत येऊ लागलं. माफुरू मागून ओरडला, "पत्रे सोडा! नाहीतर चौघंही जाऊ."

सोडणार कसे? गाठ मसातूंची होती.

त्यांनी म्यानातून घडीवाली काढली. ओल्या हातांनी ती उलगडली आणि तिचा छोटा जबडा तारेला लावला. दाबलं. तार तशीच. पुन्हा दाबलं. दोन दांड्यांमध्ये त्यांच्या तळहाताची कातडी सापडली आणि रक्त आलं. घडीवालीने खरंच जीव तोडून जोर लावला, मी पाहिलं. तारेवर नखाएवढा ओरखडा उठला आणि तिच्या धारेलाच खाच पडली. ती जाड तार तिच्यासाठी नव्हतीच. ती खिशासाठी जन्मली होती. यात तिचा काय दोष?

"पेटी!" मसातूंचा आवाज फाटला. पेटी पोत्यांच्या खाली होती, पाण्यात होती, आणि तिलाही त्यांनीच तार बांधली होती. सकाळी आपणच टोपलीत टाकलेली पक्कड त्या घाबरगुंडीत त्यांना आठवलीच नाही. त्यांनी हातपाय गाळले. ते फळीवर मटकन बसले आणि बायकोकडे नुसते बघत राहिले. पाणी न्यांगेताच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

तेव्हा न्यांगेता बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चुलीपाशी बसून बोलावं तसा.

"अहो तेक्लाचे बाबा, टोपलीत सांडशी आहे."

मसातूंनी मला उचललं. आणि खरं सांगते, माझाच धीर सुटला. इतकी वर्षं मी चुलीशी राहिले होते. एकदा तरी निखाऱ्यावर पडले असेन का? एकदा तरी कुणी विसरून मला चुलीच्या दगडावर ठेवलं असेल का? पाणी उतरलं असेल तर मला ते कळणार कसं? ते फक्त तारेवर दाबल्यावरच कळतं. मसातूंच्या डोळ्यांतही तोच प्रश्न होता. त्यांनी न्यांगेताकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितल्यापासून विस्तवाजवळ नाही ठेवली कधी," ती म्हणाली.

त्यांनी मला एका हाताने उघडलं. मी अलगद उघडले. गंजून पडलेली पक्कड उघडायला दोन हात आणि दगड लागतो. माझ्या सांध्यात रोजच्या मासळीचं तेल मुरलेलं होतं. ज्या तेलाची मी इतकी वर्षं लाज बाळगली, तेच त्या घडीला कामाला आलं. माझी धार तारेवर बसली. मसातूंनी दोन्ही हातांनी दाबलं.

टच्च!

एक तार तुटली. त्या आवाजासारखा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. दुहेरी तारेचे दोन वेढे, म्हणजे चार ठिकाणी कापायचं होतं. दुसरी तुटली. तिसरीला रक्ताने त्यांचा हात घसरला आणि मी त्यांच्या मुठीतून निसटून फळीवर पडले. होडी कलत होती, मी घसरत काठाकडे निघाले. पलीकडे पाणी. तेक्लाने डबा टाकला आणि माझ्यावर पाय ठेवला. मसातूंनी मला उचललं. तिसरी तुटली. चौथी तार पाण्याखाली गेली होती, ती त्यांनी बोटांनी चाचपून शोधली आणि माझे दात तिच्यावर न बघता बसवले. जसे खांबावर पावसात बसवायचे तसे.

चौथी तुटली.

गठ्ठा मोकळा झाला. मसातूंनी मला टोपलीत टाकलं, मग त्यांनी आणि तेक्लाने खांदे लावले. पण मसातू एक क्षण थांबले, ते मी पाहिलं. बावीस पत्रे. मग त्यांनी डोळे मिटले आणि ढकललं. गठ्ठा काठावरून गेला. पाण्यात तो थोडा वेळ चमकला, मग वाकडा झाला आणि खाली खाली जाऊन दिसेनासा झाला. होडी एकदम सरळ झाली.

पाय मात्र अजून निघेना. चपलेचा पट्टा बरगडीच्या खिळ्यात अडकला होता आणि पाय सुजू लागला होता. तिथे माझं काम नव्हतं. माझे दात तिथे घातले असते तर पट्ट्याबरोबर मी न्यांगेताच्या पायालाही चावले असते. मसातूंनी घडीवालीचा चाकू उघडला आणि त्या बारीक पात्याने पट्टा हळूच कापला, कातडीला जरासुद्धा न लागता. पाय सुटला. घडीवालीवर मी उगाच जळत होते, हे मला तेव्हा कळलं.

काठावर पोचेपर्यंत मसातूंनी बायकोचा पाय मांडीवर घेऊन आपला सदरा काढून त्यावर धरला होता. माफुरूने इंजिन बंद केलं, होडीतून उडी मारली आणि न्यांगेताला पाठीवर घेऊन तो वाळूतून चालत सुटला.

दवाखान्यात त्यांनी पाय वाचवला. दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा वेळ पाय दबून पाण्यात राहिला असता तर घोट्याच्या वर कापावा लागला असता. हे मी तेक्लाच्या तोंडून ऐकलं, कारण त्या दिवसांत मी तिच्या घरी टोपलीतच होते. सगळे दवाखान्यात होते आणि मला कुणी पुसलंही नव्हतं. सरोवराचं पाणी अंगावर सुकलं आणि गंजाची पुटकुळी पुन्हा उठली. मी म्हटलं, झालं आपलं. काम संपलं की हत्याराची आठवण कोण ठेवतो?

तीन आठवड्यांनी न्यांगेता घरी आली. सकाळची वेळ होती. आवारात चूल मांडली होती आणि चहा उकळत होता. न्यांगेता काठी टेकत उठू लागली, तर मसातूंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ते स्वतः चुलीपाशी गेले. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस पातेलं उतरवायला कधी गेला नव्हता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पट्ट्यात घडीवाली होती, तिच्याकडे त्यांचा हात गेला नाही.

"तेक्लाची आई," ते म्हणाले, "आपली सांडशी कुठाय?"

न्यांगेताने टोपली पुढे सरकवली. मसातूंनी मला काढलं, माझ्या अंगावरचा गंज पाहिला आणि चहा उकळता ठेवून आधी खालीच बसले. सदऱ्याच्या टोकाने मला पुसलं. न्यांगेताच्या जेलीच्या डबीतलं बोटभर घेऊन माझ्या सांध्यात भरलं. मला दहा वेळा उघडलं, मिटलं. मग माझ्या दातांत पातेल्याची कड धरून त्यांनी चहा उतरवला आणि पहिला पेला बायकोच्या हातात दिला. आता दोघंही जावयाच्याच छपराखाली राहत होती.

आता मी चौकटीतल्या एका नव्या खिळ्यावर असते, चुलीपासून दूर. शेजारच्या खिळ्यावर घडीवाली असते. तिच्या धारेवर ती खाच अजून आहे आणि ती कुणी घासून काढलेली नाही. सकाळी मी पातेली उतरवते. मसातू दोरीने सामान बांधायला शिकले आहेत, एका झटक्यात सुटेल असं. माफुरू येतो तेव्हा ते त्याला गाठ दाखवतात आणि तो ती एका बोटाने सोडून दाखवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. खाटेखाली, माळ्यावर, गंजलेल्या खिळ्यांच्या डब्यात. तिला बाहेर काढा. तिच्याकडून हलकं सलकं काम करून घेतलंत तरी तिला राग येणार नाही, पातेली उतरवलीत तरी चालेल. पण तिला विस्तवात टाकू नका, ओली ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा सांध्यात एक थेंब तेल घाला. कधी घर हलवायची वेळ आली, तर जिची तुम्हाला लाज वाटते तिलाही वर ठेवा, हाताला लागेल अशी. न्यांगेताने मला चहाच्या पातेल्यासाठी वर ठेवलं होतं, आणि आज ती आपल्या दोन्ही पायांनी चुलीपर्यंत येते.